भोकरांच्या खारावरची साय

९ एप्रिल २००६
भोकरांच्या बरणीत खारावर पांढरी साय आलेली दिसली. आधी वाटलं रुई पडली. यंदाचा कापूस भावापायी अजून त्याच खोलीत पडून आहे. बोटाने उचलून पाहिली. रुई नव्हे. रोज जेवताना भोकरं खातो, कालही खाल्ली. पोट सकाळपासून जड. भीतीनेही असेल.

१० एप्रिल
चि. दिलीप म्हणाला, फेकून द्या. ही त्याच्यावर उखडली. "माह्या सासूच्या वक्तापासून हा खार चालून राह्यला. दरसाल यातलाच वाटीभर नव्या बरणीत टाकतो. अन् हा फेका म्हन्ते!" नवी भोकरं येतीलच. जुना खार बिघडलेला असला तर नवी बरणीही गेली. शेजारच्या बायाही हिचाच खार नेतात. कुणाला काही झालं तर...

१२ एप्रिल
लेकीची स्वाती यवतमाळला कॉलेजात जंतूंचं शिकते. तिला फोन केला. "आबाजी, ते यीस्ट असंल, म्हंजे खमीर. कोनतं आहे ते वळखून सांगतो. तवरीक आजीले नवी बरनी भरू देऊ नका." बाटली उकळून त्यात नमुना आणा म्हणाली.

१३ एप्रिल
एसटीने यवतमाळ. बाटली उकळली. खार गढूळ दिसत होता म्हणून तोही उकळला, साय काढली, फडक्यातून गाळला. कॉलेजातले सर लोक पाहणार, घरची वस्तू तशीच कशी न्यायची? बाटली मांडीवर धरून नेली.

१७ एप्रिल
स्वातीचा फोन. काचेच्या थाळीत काहीच उगवलं नाही. हायसं वाटलं. मग तिने विचारलं, आणलं कसं? सांगितलं. हसायची थांबेना. "पाव्हणे पोरगी पाहाले आले अन् तुम्ही पोरगीले मामाच्या गावी धाडलं, आबाजी!" उकळल्याने जंतू मेले, म्हणे. न उकळता, सायीसकट पुन्हा आणायचं. जीव नुसता टांगणीला.

२६ एप्रिल
गेल्या आठवड्यात नेलेल्या दुसऱ्या नमुन्यात उगवलं. आज पुन्हा यवतमाळला गेलो. स्वातीने सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. लांबट दाणे, एकाच्या अंगाला दुसरा लहान फुटलेला. जाती दोन. एक तिने ओळखली, खारात राहणारी, निरुपद्रवी. दुसरी ओळखू येईना. त्या जातीला स्वाती वेगवेगळ्या साखरा देऊन पाहणार, कोणती पचवते त्यावरून नाव कळेल.
"वाईट आहे का?"
"माहीत नाही, आबाजी. तवरीक खाऊ नका."
माहीत नाही हेच मला सोसत नाही.

२७ एप्रिल
हिला सांगितलं. म्हणाली, "पाव्हना इतकी वर्सं घरात जेवला, अन् आता त्याले नाव पुसता?" नवी भोकरं टोपलीत पिवळी पडू लागली आहेत.

२९ एप्रिल
फोन नाही. भोकरं थांबेनात. सकाळी हिने ती मिठाच्या पाण्यात घातली आणि वर जुना खार ओतला. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही, वर दाबायचा दगड मात्र मीच ठेवला. तेवढ्यात शेजारची सुमन वाटी घेऊन आली.
"काकू, खार द्या न."
"यंदा थांब जरा, बाई. मंग देतो."
हिने कुणाची वाटी रिकामी परत पाठवलेली मी पाहिली नव्हती. सुमनही बघतच राहिली.
संध्याकाळी दिवा लावताना माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोरीचा फोन नाही आला का?"
नाही म्हटलं.