अर्धा कप, बिनसाखरेचा

प्रिय वहिनी,

तुझी लेक फोनवर सांगत होती, आईने चहा सोडला. चहाचं पातेलंसुद्धा माळ्यावर टाकलं म्हणे. तिला वाटतं, तू दादाच्या आठवणीने सोडलास. मी नुसतं हं हं करत राहिले. खरं कारण आपल्या दोघींनाच ठाऊक आहे, आणि त्यातलंही तुला अर्धंच. उरलेलं अर्धं लिहायला आज बसलेय. तुझ्यासमोर बसून बोलायची माझी छाती नाही.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचीस आणि मी 'फोटो काढते गं' म्हणून उडवून लावायचे. दादाचे दोन प्रकारचे फोटो काढायचे होते. पहिला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा, त्यात त्या कुठे अरुंद झाल्यात ते दिसतं. दुसरा औषध टोचून. त्या औषधाने रक्तवाहिन्या पूर्ण उघडतात आणि स्नायूला रक्त पुरतंय का ते कळतं. मग दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवायचे. नळाचा पाइप नुसता बघून पाणी येतं का ते कळत नाही, नळ सोडून बघावा लागतो, तसंच. अट एकच, आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. चहा पोटात असला की औषध नीट लागू पडत नाही, आणि बिघडलेलं हृदयही फोटोत ठणठणीत दिसू शकतं.

दादाने दोन तारखा चुकवल्या होत्या, आठवतं ना? कधी गाडी शिकणाऱ्यांची लायसन्सची परीक्षा, कधी शिकवायच्या गाडीचा क्लच. तिसरी तारीख मी काउंटरवरच्या बाईच्या हातापाया पडून मिळवली. आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा. माझा निळा डगला आणि गळ्यातलं ओळखपत्र बघून मला 'मॅडम' म्हणायला लागला. मी फॉर्म भरायला घेतला. चौथा प्रश्न चहा-कॉफीचा. विचारायचा म्हणून विचारला, तर हा म्हणतो, "अर्धाच कप घेतला गं, तोही बिनसाखरेचा." वर शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने बघत होता. साखर बंद झाल्यापासून त्याच्या लेखी सगळा दोष साखरेचाच होता.

मी त्याला तिथूनच परत पाठवायला हवं होतं. पण पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळणार, आणि तो पुन्हा येईल याची खात्री नव्हती. हे मी इतके दिवस स्वतःला सांगत आलेय. खरं सांगू? मला लाज वाटली. वीस वर्षं पेशंटना या चहावरून मी रागावत आले, आणि माझाच सख्खा भाऊ चहा पिऊन आलाय हे आमच्या डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगू? दादाने माझा चेहरा ओळखला. म्हणाला, "लिही नाही म्हणून. आज दुसरा ब्रेक तुझ्या पायाखाली." गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो काय सांगायचा ते तुला माहीतच आहे, घाबरू नका, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तो हसला, मीही हसले. आणि लिहिलं.

औषध दिल्यावर नाडी वाढायला हवी, ती जेमतेम हलली. मी पाहिलं. दादा पहिल्यापासून थंड डोक्याचा, असं म्हणून सोडून दिलं. पहिल्या फोटोत एक रक्तवाहिनी अरुंद दिसली, पण धड बरी नाही, धड वाईट नाही, अशी. अशा वेळी सगळी भिस्त दुसऱ्या फोटोवर असते. तो छान आला. डॉक्टरांनी लिहिलं, रक्त नीट पोचतंय, गोळ्या पुरेत. संध्याकाळी तू मला मिठी मारून म्हणालीस की घरचं माणूस तिथे होतं म्हणून काळजी मिटली.

पुढे सात आठवड्यांनी तो शिकवता शिकवता गेला. जाता जाता त्याने आपल्या बाजूचा ब्रेक मात्र दाबला. चालवणाऱ्या बाईंना ओरखडासुद्धा आला नाही.

गेल्या महिन्यात आपण त्याचे कपडे आवरत होतो, तेव्हा त्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात तपासणीआधीच्या सूचनांचा कागद निघाला. तू तो दोनदा वाचलास आणि म्हणालीस, "मीच दिला गं चहा." तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी तुला पाणी आणून दिलं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले, त्याच हाताने. आज सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. चौकशी होईल, होऊ दे. खरं कळलं असतं तर तो वाचलाच असता असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मी त्या वाक्याचा आधार घेणार नाही, तूही माझ्यासाठी घेऊ नकोस. सोबत त्या फॉर्मची प्रत जोडलीय. चौथ्या प्रश्नापुढचा 'नाही' बघ. माझ्या 'ह'च्या शेपटीला तू लग्न होऊन आल्यापासून हसतेस, तुला अक्षर ओळखायला वेळ लागायचा नाही. तुझ्या चहाने फार तर तारीख पुढे गेली असती, वहिनी. तो 'नाही' माझा आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ते पातेलं माळ्यावरून खाली काढ.

म्हणू देशील तोवर तुझीच,
बारकी