टॅपेट कव्हरवरची पेस्ट

उस्ताद, मंगळवारी तुमची गाडी माझ्या गॅरेजात आली. तुम्ही गेल्यापासून ती चिचगडच्या घरी ताडपत्रीखाली उभी असायची, सणावाराला कोणीतरी चालू करून पाहायचं, एवढंच. आता तुमची मुलगी देवरीच्या शाळेत शिकवते आणि त्याच गाडीनं जाते-येते. उतरल्या उतरल्याच ती म्हणाली, "काका, गोंदियाचा मिस्त्री म्हणते इंजिन गेला. भंगारात देऊन टाका म्हणते. तवापासून आई धड जेवून नाही राहिली. तुया बापाची येवढीच वस्तू उरली, थे बी चालली म्हणते." मी म्हणालो, "थांब बाई, पहिले पाहू त दे. इंजिन असा उठून जात नाही कुठी." ती हसली. हसताना ती तुमच्यासारखी दिसते, डावीकडे मान टाकून. मला पान्याची पेटी उघडायचं निमित्त करून खाली पाहावं लागलं.

लक्षणं सगळी इंजिन गेल्यासारखीच होती. उभ्या गाडीचा आवाज वरखाली होत होता, पेट्रोल भारी लागत होतं, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास होता. तुम्ही असता तर सायलेन्सरजवळ तळहात धरला असता, नाकाशी नेला असता आणि म्हणाला असता, "जास्त पिऊन राहिली." तुमच्या नाकाचं ते काम आता एक सेन्सर करतो. धुराच्या नळीतच बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर त्यानं त्याच सेन्सरचं नाव सांगितलं. उत्तर देतो, पण उशिरा देतो.

लगेच नवा मागवला असता तर चाललं असतं. पण मला तुमच्याकडे काम शिकतानाचं दुसरं वर्ष आठवलं. जीप सुरू होत नव्हती आणि मी न तपासता ठिणगीची कॉइल बदलून मोकळा झालो होतो. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवता आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारता, "काऊन रे, तू मिस्त्री होय का पार्ट विकनारा दुकानदार? त्या कॉइलले विचारलं होतं का, बापू, तुले काय झालं म्हनून?" लोक हसतात. मी कान लाल करून उभा आहे. संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या डब्यातली भाकर देता आणि त्या बोलण्याचा पुन्हा उल्लेखही करत नाही.

म्हणून मी सेन्सरला विचारलं. नळीला कुठं चीर आहे का, बाहेरची हवा आत येते का, ते आधी पाहिलं. नव्हती. मग इंजिन गरम करून हवेच्या तोंडाशी पेट्रोलसारखा जळणारा थोडा स्प्रे मारला. पेट्रोल वाढल्यासारखं झालं की स्कॅनरवरची रेघ झटक्यात वर जायला हवी. ती गेली, पण दम खात, घाट चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. मग व्हॅक्यूमचा पाइप काढून हवा वाढवली. खाली येतानाही तेच. इंजिन चांगलं होतं, उस्ताद. त्याला खबर उशिरा मिळत होती, बस्स.

सेन्सर खोलला तर टोकाला पांढरी भुकटी बसलेली. पेट्रोलची काजळी काळी असते. पांढरं म्हणजे सिलिकॉन, जोड बंद करायची ती पेस्ट. ओली असताना तिची वाफ इंजिन आत ओढतं आणि ती जळून सेन्सरवर बसते. मी वर पाहिलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, चारी बाजूंनी पेस्ट फासलेली होती. झाकणाखालची गॅस्केटची पट्टी न बदलता, भरपूर, थेंबभर तेल गळू नये म्हणून. आणि कडेनं ती अंगठ्यानं दाबत दाबत नेलेली. असं काम या भागात एकच माणूस करत होता. बाकीचे बोटानं पुसून मोकळे होतात. तुम्ही म्हणायचात, "पुसलेला जोड रुसते, दाबलेला धरते."

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना असा सेन्सरच नसायचा, त्यांना त्या पेस्टनं कधी काही झालं नाही. तुम्हाला कोण सांगणार होतं? पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. हे तुम्ही शेवटच्या वर्षी केलं असणार, हात थरथरायला लागल्यावर, कारण मधेमधे दाब हुकला आहे. तेव्हा माझं गॅरेज चालू झालं होतं, एका फोनवर मी आलो असतो. मले काऊन नाही बोलावलं, उस्ताद? पोराच्या धंद्याची खोटी कायले करायची, असं वाटलं असेल. तुम्ही असंच बोलला असता.

पेस्ट आता कडक होऊन तडकली होती, तेल थेट सेन्सरच्या जागेवर पाझरत होतं. ती तशीच ठेवून नवा सेन्सर बसवला असता तर तोही गेला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हणून झालं तरी तुमच्या हातची पेस्ट काढायला उठवेना. मग गेलो आणि ब्लेडनं सगळी पेस्ट खरवडली. एक इंचही ठेवली नाही. ठेवली असती तर तुम्हीच शिव्या दिल्या असत्या. नवं गॅस्केट, नवा सेन्सर. रेघ आता उंदरासारखी वरखाली पळते.

मुलगी गाडी न्यायला आली तेव्हा आईला, म्हणजे काकूंनाही घेऊन आली. काकू पुढच्या सीटवर बसल्या, पदरानं डॅशबोर्ड पुसला आणि मला म्हणाल्या, "जेवाले ये इतवारी." मुलीनं विचारलं, "काका, कायनं खराब झाला सेन्सर?" मी म्हणालो, "वय झालं होतं त्याचं." ते तुमच्या पेस्टनं झालं, हे त्या दोघींना माझ्याकडून कधी कळणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला समजतं. वहीतून फाडून चुलीत घालीन. पण एवढं सांगतो. ब्लेड लावायच्या आधी, जिथं तुमचा ठसा स्वच्छ उमटला होता, रेषा न रेषा दिसत होती, तिथं मी माझा अंगठा ठेवून पाहिला. इतकी वर्षं मी समजत होतो, तुमचे हात माझ्याहून मोठे. तुमचा अंगठा लहान होता, उस्ताद. माझ्याखाली पुरा झाकला गेला.