उसनं नाक

ता. ३
ती. ताईस सा. न. वि. वि.

तापानंतर माझं नाक गेलं ते गेलंच. फूल काय, फिनेल काय, सारखंच. आणि भाषांतराला नेमकं आलंय अवनतीच्या, म्हणजे ऱ्हासातच सौंदर्य शोधणाऱ्या साहित्यातलं पुस्तक! त्यातला श्रीमंत काही कामधंदा करत नाही. नुसता हुंगतो, चाखतो, मखमल कुरवाळतो. ताजं त्याला चालत नाही, कुजायला टेकलेलं लागतं. प्रकाशक महिनाअखेर मागतोय. कस्तुरी आणि शिळी लिली हुंगून कळव, वास कसा येतो.

लोभ असावा, थट्टा कमी असावी.
धाकटा

ता. ९
चि. धाकट्यास अ. उ. आ.

थट्टा कमी होणार नाही. अत्तरवाल्याने विचारलं, कोणासाठी? म्हटलं, पुस्तकातल्या एका परपुरुषासाठी. बिचाऱ्याने लगेच बाटली उघडली. लिही: कस्तुरी म्हणजे घामेजलेल्या माणसाने चढवलेला मखमली कोट. लिली आधी गोड, मग घशाशी येते, तरी परत वाकून हुंगावीशी वाटते. तेच वाईट.

मला चैन नाही रे. दिवसभर हुंगत फिरते. ओल्या चपला, सुनेची पर्स, ह्यांचा जुना मफलर. त्याला आता कसलाच वास नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं. सून म्हणते, आई, बसा हो एका जागी. तुझा श्रीमंत कसा बसतो, विचार त्याला.

आशीर्वाद आणि एक चिमटा.
ताई

ता. १५
ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी लिली जशीच्या तशी घातली. मीही त्या श्रीमंतासारख्या खिडक्या लावून बसलो. काल लिहिता लिहिता डोकं जड झालं, मळमळलं. वाटलं, वा, प्रकरण रंगलं! तेवढ्यात शेजारीण गॅस गॅस ओरडत दार बडवायला लागली. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच. तिने खिडक्या उघडल्या आणि माझा उद्धार केला. काळजी नको. पुढच्या प्रकरणात धूप आहे, कळव.

लोभ आहेच.
धाकटा

ता. १८
चि. धाकट्यास,

आशीर्वाद नंतर. प्रकरण रंगलं म्हणे! मेल्या, मरत होतास. रविवारच्या गाडीने निघते. सुनेने विचारलं, किती दिवस? म्हटलं, त्याचं नाक परत येईपर्यंत. नाही आलं तर माझं आहेच. तोवर शेगडीला हात लावायचा नाही. चहा शेजारणीकडे प्यायचा आणि तिच्याशी गोड बोलायचं. धुपाचं तिथेच बसून सांगेन, तू लिही.

तुझा श्रीमंत गेला तर वाचणारे सुस्कारे टाकतील. तू गेलास तर मी चिडवू कोणाला?

लोभ वगैरे राहू दे. मी येईपर्यंत धड राहा, मग भांडू.
ताई