चहाच्या घोटाला चुकलेला बाण

भिसेगाव, कर्जत
सोमवार

ती. सोनुआत्याला हर्षलाचा नमस्कार.

तिरंदाजीच्या जिल्हा निवड चाचणीच्या यादीत माझं नाव आलं आहे. ही ऐकीव गोष्ट नाही; अबूबकर सरांनी काल स्वतः खालापूरला जाऊन यादीवर बोट ठेवून वाचलं आणि तिथूनच मला फोन केला. खरं तर आधी तुझी खुशाली विचारायची, मग आशीर्वाद मागायचा आणि मग बातमी सांगायची, पण तू चार महिने माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा क्रम चुकला तर तो एकट्या माझा दोष नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, अजून काही दिवस वाचायला बंदी आहे, असं तुझ्या नातीने कळवलं. म्हणजे हे पत्र नम्रताच तुला वाचून दाखवणार. (आत्या फोन उचलत होती तेव्हाही मला बोलायला मिळत नव्हतं, ही बाब वेगळी. नम्रता, हे वाक्य गाळ.) गुडघा कसा आहे? तेल लावतेस का?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी नम्रतासाठी थोडं मागून सांगते. मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते. मागच्या वर्षी अबूबकर सरांच्या विद्यार्थ्यांसाठी कंबरेला बांधायचे बाणांचे भाते शिवले, माप बघायला भिवपुरीच्या वाटेवरच्या त्यांच्या मैदानावर गेले, आणि सरांनी सहज म्हणून माझ्या हातात धनुष्य दिलं. हे कंपाऊंड धनुष्य म्हणजे कॅलेंडरवरच्या रामाचं नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, दोरीत बघायला भोक, पुढे काच, काचेत ठिपका. दोरी बोटांनी सोडायची नसते, मुठीत एक खटका असतो, अंगठ्याने चालणारा. एवढे भाग पाहून मला वाटलं, ही तर शिलाई मशीनची धाकटी बहीण. तिथेच फसले.

सरांचं म्हणणं असं, की ठिपका निशाण्याच्या मधल्या पिवळ्यावर थोडा फिरणारच, त्याला फिरू द्यावं. अंगठा खटक्यावर नुसता टेकवावा आणि पाठीने ओढत राहावं. बाण सुटला हे आपल्याला तो सुटल्यावर कळलं पाहिजे. आता जी बाई बावीस वर्षं सुई कुठे उतरणार हे आधी ठरवून मगच पाय हलवते, तिला हे कसं पटावं? ठिपका पिवळ्याला टेकला, की माझा अंगठा धावत जाऊन खटका दाबायचा. खटका दाबला की हात हलायचा, आणि बाण पिवळं सोडून निळ्यात.

सरांनी उपाय केले. पाच पावलांवरून, डोळे मिटून, निशाण न लावलेल्या पेंढ्याच्या गंजीवर बाण मारायला लावले. घरी सरावाला दोरीचं वेटोळं दिलं: एक टोक डाव्या मुठीत, दुसऱ्याला खटका, आणि बाण-धनुष्य काही नसताना नुसतं पाठीने ओढायचं. एकदा दुकानात गिऱ्हाईक गळ्याची खोली सांगत होतं आणि मी ऐकता ऐकता ओढत होते. खटका आपसूक सुटला, अगदी सरांना हवा तसा, आणि माझं कोपर मागच्या दांडीवरचे अकरा ब्लाउज घेऊन खाली आलं. (त्यातला एक तुझा. चुरगळलेला नाही.)

मग मे महिन्यात तू आठ दिवस राहायला आलीस. रोज सकाळी मैदानावर माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचीस आणि नेरळच्या लग्नाची गोष्ट लावायचीस. नवऱ्या मुलाचा काका रुसला, मांडवाबाहेर टेंपोत जाऊन बसला, टोपी-टॉवेल नको म्हणाला, फेटा नको म्हणाला, मुहूर्त टळायला आला. त्या आठ दिवसांत माझे बाण पिवळं सोडायला तयार नव्हते. सहा बाणांचे साठ गुण. मी छप्पन्न, सत्तावन्न मारत होते. सरांना वाटलं शिकवणी फळाला आली. मला वाटलं पाठ तयार झाली.

आठव्या दिवशी शेवटचा बाण राहिला होता. गोष्टीत नवरी स्वतः उठून टेंपोपाशी गेली होती. "मंग ती पोरगी त्या काकाला काय बोलली हाय म्हाईत," असं तू म्हणालीस, आणि माझा बाण गंजीवरून जाऊन मागच्या बांधावर धाकलूने घडी करून ठेवलेल्या ताडपत्रीत घुसला. घडी चार पदरी, म्हणून भोकं चार. (धाकलू म्हणजे ज्याच्या शेतात सरांचं मैदान आहे तो. ताडपत्री उलगडून बघत तो म्हणाला, "ताई, एका बाणात चार भोकं. नेम चांगलाच हाय तुजा." ठिगळं मीच लावून दिली.) आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, आत्या, जरा गप्प बस गं.

तू खुर्ची मिटलीस, चहाचा पेला उपडा ठेवलास, "बसते बाय गप" एवढंच बोललीस आणि दुपारच्या टेंपोने तुझ्या गावी, चौकला निघून गेलीस. तुझ्या तोंडून तीन शब्दांचं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते अजून कानात आहे.

मग मैदानावर शांतता झाली. धाकलूने शेळीच्या घंटेत चिंधी कोंबली. एवढ्या शांततेत माझे गुण त्रेचाळीसवर आले आणि पावसाळाभर तिथेच राहिले.

गेल्या आठवड्यात सरांनी वही काढली. प्रत्येक सहा बाणांपुढे ते शेरा लिहितात: वारा, ऊन, शेळी. मे महिन्यातल्या त्या आठ दिवसांपुढे एकच शेरा: 'पाहुण्या बोलत होत्या.' आणि आठव्या दिवशीच्या शेवटच्या बाणापुढे: 'बाहेर. पाहुण्यांनी चहा घेतला.'

आत्या, ते मी तीनदा वाचलं. तू घोट घ्यायला थांबलीस, एकदम शांत झालं, आणि मला माझा अंगठा आठवला. म्हणजे बाण गेला तो तू थांबलीस म्हणून, आणि मी रागावले तुझ्या बोलण्यावर. शिवण मला तूच शिकवलीस. तेव्हाही तू शेजारी बसून बोलत असायचीस आणि माझी टीप सरळ यायची, आणि मला वाटायचं हात बसला. माझं चुकलं. हे फोनवर सांगायचं होतं.

वही पाहिल्यावर आम्ही दुसरे उपाय करून पाहिले. रेडिओ लावला, तो जाहिरातींना आवाज चढवतो. आमच्या ह्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, बोला. अर्ध्या तासात ते "ढग आलेत" एवढंच बोलले, आणि तेही खरं नव्हतं.

बाकी इकडे सर्व ठीक. औषधाचे थेंब वेळेवर घाल.

तुझी,
हर्षला

ता. क. चाचणी दसऱ्याच्या आदल्या रविवारी, खालापूरला, सकाळी नऊला. यादी मे महिन्यातल्या गुणांवर लागली आहे, हे मी वर लिहायचं टाळलं. प्रत्येक तिरंदाजाच्या मागे एकच प्रशिक्षक बसू शकतो, आणि फॉर्मवर तिथे मी तुझं नाव घातलं आहे. सरांना विचारूनच. ते म्हणाले, "लिहा, मला त्या दिवशी पोरं सांभाळायची आहेत, आणि गुण तसेही त्यांच्याच शिकवणीचे आहेत." काकाला टोपी-टॉवेल देत होते, तुला गळ्यात घालायचं कार्ड मिळेल, लाल नाडीचं. त्यावर जिलबी खातानाचा फोटो आहे. रागावू नकोस, बाकी सगळ्या फोटोंत तू बोलते आहेस. डोळ्यावरचा काळा चष्मा तसाच राहू दे, प्रशिक्षक लावतात. हळू आवाजात बोलायला परवानगी आहे. हळू म्हणजे काय ते सर तुला समजावतील. तुझा ब्लाउज मी खालापूरलाच आणीन.

आणखी एक. शुक्रा रिक्षावाला त्या दिवशी सकाळी साडेसातला तुझ्या दारात येईल. वाटेत त्याला काही सांगू नकोस. नम्रता, थर्मास आणायचा नाही. ती नवरी काकाला काय बोलली हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. बाण बहात्तर आहेत, आत्या. टेंपोपासून सुरुवात कर आणि शेवटच्या बाणापर्यंत पुरव.