पडद्यावर दादा मरतो तेव्हा

प्रिय दादा,

तुझा सिनेमा आपल्या थिएटरात लागलाय. रांग पार जुन्या वेशीपर्यंत गेली होती. गोळी लागून तू पडलास, तसे निम्मे लोक उठून घरी गेले. हिरोला कोण विचारतो!

आपली नाटकमंडळी सोडलीस तेव्हापासून बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण पहिल्याच खेळाला आले. बाहेर पडताना म्हणाले, "मेल्यावरही पापणी हलते गाढवाची. एवढ्या तालमी पाण्यात!"

तरी रोज माझ्या खिडकीवर तिकिटाला हजर. डोअरकीपर सांगतो, तू पडायच्या आधीच ते बाहेर येतात, भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

"त्याला कळवलंस तर याद राख," म्हणालेत. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. पण पुढच्या सिनेमात मरू नकोस. त्यांना शेवटपर्यंत बसू दे.

तुझी,
तिकीट खिडकीतली धाकटी