मलम लागू पडलं

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबतचा डबा उघडताना नाक जरा लांब धर. यातला गंधपुरा पहिल्या दमातच डोक्यात जातो. बाजारात मलम म्हणून विकतात ते नुसतं वास लावलेलं मेण असतं. मी मेण आणि तिळाचं तेल गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलं, कोमट झाल्यावर कापूर आणि पुदिन्याची फुलं घातली, आणि शेवटी गंधपुऱ्याच्या पानांचं तेल, काट्यावर मोजून. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यापाशी उभी होते मी, थेंबसुद्धा इकडचा तिकडे व्हायचा नाही.

सकाळ-संध्याकाळ गुडघ्याला चोळायचं आणि वरून फडकं गुंडाळायचं. चोळायचं म्हणजे तू दुकानात चष्म्याच्या काचा पुसतोस तसं नाही, कातडी तापली पाहिजे. गेल्या वर्षी हृदयात नवी झडप बसवल्यापासून तू स्वतःलाच काचेचं भांडं समजायला लागलायस. ती रक्त पातळ करायची गोळी मात्र नेमाने घे. मलम पोटात जात नाही, त्याचा गोळीशी काही संबंध नाही.

दंतमंजन आणि हाताला लावायचं क्रीमही घातलंय. माझे कान आता पार गेले, तेव्हा फोनवर ओरडून घसा कोरडा करू नकोस. अगदीच अडलं तर खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीचा नंबर मागे लिहिलाय. ती वर येऊन मला खाणाखुणांनी सांगेल. एरवी पत्र टाक. लोभ आहेच, त्याचेही सांधे आखडू देऊ नकोस.

तुझी ताई


२१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मलम पोचलं आणि लागूही पडलं. काल दुकानाच्या तीन पायऱ्या कठडा न धरता चढलो. गिऱ्हाइकं मात्र दारातच थबकतात. एका बाईंना नवा चष्मा लावून दाखवत होतो, तर त्यांनी आधी रुमाल काढून नाकाला लावला.

एक विचारायचं होतं. पोटऱ्यांवर नाण्याएवढे निळे डाग उठलेत. कुठे आपटल्याचं काही आठवत नाही. दात घासताना चूळही लालसर येते. वय झालं, दुसरं काय, पण तुला यातलं कळतं म्हणून लिहिलं. रक्त तपासायला पुढच्या महिन्यात जायचंच आहे, तेव्हा मुद्दाम वेगळी खेप घालत नाही.

तू एकटी असतेस, जिना उतरताना सांभाळून. आशीर्वाद असाच पाठीशी राहू दे.

तुझा धाकटा


३० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

निळ्या डागांनी घाबरून जाऊ नकोस. इतकी वर्षं गुडघ्यात साकळलेलं रक्त आता मोकळं होतंय, ते कुठेतरी वर दिसणारच. मार लागून निळं पडलं की आपण चोळतोच ना? तेव्हा डागांवरही लाव. या डब्यात गंधपुरा दीडपट आहे, आणि आता दिवसातून तीनदा चोळ. चुळीचं म्हणशील तर तो माझ्या मंजनाचा दोष नाही. घोड्याला खरारा करावा तसे दात घासायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. बोटाने घास.

शिलाईवाली म्हणते, माझ्या मलमाचा वास तिने शिवलेल्या कपड्यांना लागतो आणि लोक परत येऊन विचारतात. अठ्ठावीस वर्षं ती माझ्या वासावर कुरकुरतेय आणि मी तिच्या मशीनच्या खडखडाटावर. कान गेल्यापासून मी तिचं मशीन फरशीतून तळपायाला ओळखते. सकाळी तो हादरा लागला की मला बरं वाटतं, पण हे तिला मी सांगितलेलं नाही.

डबा संपायच्या आत कळव. तुझ्या गुडघ्यावर माझा डोळा आहे.

तुझी ताई


१९ एप्रिल

चि. चिमणीस अ. उ. आ.

तुला कळवलं नाही म्हणून बापावर रागावू नकोस, तू हातातलं काम टाकून धावत आली असतीस. पाच दिवस दवाखान्यात होतो, काल घरी आलो. दुकानात बसल्या बसल्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. शेजारच्या घड्याळवाल्याने गाडीत घालून नेलं. तपासल्यावर कळलं, रक्त असायला हवं त्यापेक्षा कितीतरी पातळ झालंय. डॉक्टरांनी विचारलं की गोळ्यांखेरीज आणखी काही औषध चालू आहे का. मी ठामपणे नाही म्हणालो. खोटं बोललो नाही गं. तुझ्या आत्याचं मलम हे औषध आहे असं माझ्या मनातच आलं नाही. ते ताईचं होतं, बस.

त्यांनी गोळी बंद केली तरी दोन दिवस रक्त ताळ्यावर येईना, कारण मी खाटेवर बसून तीनदा चोळतच होतो. तिसऱ्या दिवशी पाय बघायला ते वाकले आणि हा वास कसला म्हणून त्यांनी विचारलं. मी उशीखालचा डबा दाखवला. तेव्हा त्यांनी सांगितलं की गंधपुऱ्याचं तेल कातडीतून रक्तात उतरतं आणि माझ्या गोळीचा जोर भलताच वाढवतं. आणखी पंधरा दिवस असंच चोळलं असतं तर मेंदूत रक्तस्राव होऊन संपलो असतो.

आता मलम बंद आहे, गोळी पुन्हा सुरू झालीय, डाग पिवळे पडत चाललेत. आत्याला यातलं काही कळवू नकोस. तुझ्या लग्नाच्या वर्षी मी तिच्या साबणाने हात फाटतात एवढंच बोललो होतो, तर तिने काटा, भांडी सगळं कपाटात कोंबलं आणि आठ महिने पत्र टाकलं नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता नोकरी नाही, कान नाहीत, तिच्याजवळ उरलंय ते एवढंच. ‘तुझ्या हाताने मी मरत होतो’ हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? डबे येतील, मी फळीवर ठेवून देईन.

जपून राहा. माया आहेच, ती लिहून दाखवायला नको.

तुझा बाबा


२२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

नवा डबा पहिल्यापेक्षा सरस निघाला. तू सांगितलंस तसं रोज तीनदा चोळतो. डागही गेले. तू म्हणालीस तेच खरं, साकळलेलं रक्त मोकळं झालं असणार. डॉक्टरांकडे जाऊन आलो, तेही समाधानी आहेत. तुझ्या हाताला यश आहे, ताई.

इकडची काळजी नको. तुझी माया आहे तोवर मला काय होणार.

तुझा धाकटा


४ मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात धरून मी रडले आणि मग तुमचा रागही आला. जिवावरचं दुखणं काढलंत आणि मला घरी आल्यावर कळवलंत. पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. आत्या मलम एकट्या तुमच्यासाठी करत नाही. पातेलं चढवलं की चार डबे भरल्याशिवाय ती खाली उतरवत नाही, आणि कोणाचं काही दुखतंय असं दिसलं की डबा त्याच्या हातात जातो. तुमच्यासारखी गोळी घेणारं तिच्या आसपास कोणी नसेलच असं नाही. तिला राग आला तर येऊ दे. तुम्ही आज लिहा, नाहीतर मी लिहिते. आठवडाभर वाट बघेन.

तुमची आठवण येते. मोठ्यांना ओरडल्याबद्दल माफी आणि पुन्हा नमस्कार.

तुमची चिमणी


११ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र म्हणजे मला बढतीचा कागद वाटला. जिन्यात शिलाईवालीला थांबवून तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं, म्हणजे ती वाचत होती आणि मी तिचे ओठ बघत होते. तिचे घोटे आणि कंबर पार कामातून गेलेत, मशीनचं पायटं मारून मारून. मी वर्षभर मलम देऊ करत होते आणि ती नको म्हणत होती. तिचं हृदय मध्येच ठोका चुकवतं, म्हणून तिलाही रक्त पातळ करायची गोळी आहे आणि तिला धास्ती होती. मी तिच्या गोळ्यांच्या डबीवरचं नाव तुझ्या औषधांच्या जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच. मग तुझं पत्र पुन्हा तिच्यापुढे धरलं. झडप बसवलेल्या माणसाला दिवसातून तीनदा चालतं, डॉक्टर समाधानी आहेत, मग तुला काय होतंय, असं सांगितल्यावर बाई गप्प झाली.

तिला तुझ्याच मापाचं करून दिलंय. तिच्या अंगात चोळायचा दम नाही, म्हणून मीच तीन वेळा खाली जाते. तुझं पत्र तिने सुया-दोऱ्यांच्या डब्यात ठेवून घेतलंय, पुन्हा धास्ती वाटली तर वाचायला.

तू बरा झालास आणि तुझ्यामुळे आता तीही होईल. लोभाचं काय लिहू, या महिन्यात तो उतू चाललाय.

तुझी ताई


१७ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. एवढंच सुचवतो की शिलाईवालींना जरा जपून दे. उन्हाळ्यात इतकं उष्ण मलम सगळ्यांनाच सोसतं असं नाही. त्यांचं वयही आहे. महिनाभर थांबवलंस तर बरं. मला काही त्रास झालेला नाही, सहज मनात आलं म्हणून लिहिलं. चिमणी तुला लिहिणार होती, तिला मीच म्हटलं की मी लिहितो.

लोभात अंतर पडू देऊ नकोस, हे मात्र मनापासून.

तुझा धाकटा


२५ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझी उन्हाळ्याची काळजी वाचून एरवी हसले असते. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. चार दिवसांपूर्वी शिलाईवालीचं स्टूल सरकलं आणि तिचं डोकं मशीनच्या कडेला लागलं. टेंगूळसुद्धा आलं नाही, ती स्वतःच हसत होती. संध्याकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना, आणि तिचे ओठ मला वाचता येईनात. डोक्यात आतून रक्त वाहतंय म्हणतात. तिचा मुलगा दूर नोकरीला असतो, तो निघालाय.

इथला तरुण डॉक्टर माझ्यासाठी कागदावर लिहितो. त्याने विचारलं की रक्ताच्या गोळीखेरीज यांना आणखी कोणतं औषध चालू होतं का. मी त्याच कागदावर खाली लिहिलं, काही नाही.

तिच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर तुझ्यासारखेच निळे डाग आहेत. बाकी सगळं बघून जीव घाबरा होतो, पण डाग पाहिले तेव्हा तुझं आठवलं आणि धीर आला. तुझेही असेच गेले. नर्सबाई पलीकडच्या खोलीत गेल्या की मी पिशवीतून डबा काढून तिच्या पायांना आणि दंडांना चोळते. इथे फिनेलचा वास इतका आहे की कोणाला काही कळत नाही. काल तिची बोटं जराशी हलली.

तू लिहिलं नसतंस तर मला एवढं बळ आलं नसतं. तिच्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोल.

तुझी ताई


२८ मे

ताई,

आधी मलम थांबव. डबा डॉक्टरांच्या हातात दे आणि सांग की दोन आठवडे हे तीनदा लावलंय, त्यात गंधपुऱ्याचं तेल आहे. पुढचं मग वाच.

एप्रिलात मीच त्या मलमाने मरत होतो. पाच दिवस दवाखान्यात काढले. ते तेल कातडीतून जाऊन त्या गोळीचा जोर वाढवतं. तेव्हापासून मी एकदाही लावलेलं नाही. बावीस एप्रिलचं पत्र खोटं आहे. सतरा मेचंही खोटंच. तुला दुखवायचं नव्हतं, आणि तू पुन्हा सगळं कपाटात कोंबून गप्प बसशील याची भीती वाटली. शिलाईवालींचं कळल्यावर तरी खरं लिहायला हवं होतं, तेव्हाही उन्हाळ्याचं नाव पुढे केलं. त्यांच्या घरी सकाळपासून फोन करतोय, कोणी उचलत नाही. दवाखाना कोणता ते तू लिहिलेलं नाहीस. टपालावर विसंबून राहायला नको म्हणून काल इथे आलेली चिमणीच हे घेऊन निघालीय.

धाकटा


३ जून

धाकट्यास,

चिमणी आली तेव्हा मी दवाखान्यातून परत आले होते. शिलाईवाली आदल्या दिवशी सकाळी गेली. त्या पहाटेही मी तिला चोळलं होतं.

मी आणि चिमणी डॉक्टरकडे गेलो. डबा आणि तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बराच वेळ घेऊन लिहिलं की पडण्याचं निमित्त होतं, वयही होतं, गोळी होती, यात मलमाचं किती हे नक्की सांगता येत नाही. भला माणूस आहे. पण माझा जन्म वजनं करण्यात गेला. माझ्या वाट्याला किती ते मला कळतं, आणि तुझ्या वाट्याला किती तेही. गोळीशी संबंध नाही हे मी न विचारता ठरवलं, ते माझं.

खरं कळवलं असतंस तर मी रागावले असते. आठ महिने काय, वर्षभर बोलले नसते. तुला माझा तेवढा राग सोसला नाही. तू मला जपलंस, आणि ती नको नको म्हणत असताना मी तिला तुझं पत्र दाखवून गप्प केलं.

तिचा मुलगा आज भेटून गेला. त्याला अजून काही माहीत नाही. आईजवळ मी सतत बसून होते, तिचे पाय चोळत होते, हे त्याला नर्सबाईंनी सांगितलंय. रविवारी सकाळी तो माझे आभार मानायला येणार आहे, तसं कागदावर लिहून ठेवून गेला. तुझी सगळी पत्रं मी तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत, त्यातलं एक तिच्या सुया-दोऱ्यांतून काढून आणावं लागलं.

चिमणीच्या हाती हे पाठवतेय. या खेपेला मला उत्तर लिहू नकोस. रविवारी स्वतः ये, माझ्या शेजारी बस आणि त्याला तोंडाने सांग. मला ऐकू येणार नाही, पण त्याला येईल.

ताई