फ्रीजमधली उरलेली बाटली

३ जून
डायरी, चुका असतील, माफ कर. शाळा सुटली तेव्हाच लिहिणं सुटलं. त्यात मोबाइलवर एका बोटाने टाइप करते.

ढब्बूला दवाखान्यात ठेवलंय. ढब्बू म्हणजे ताईची मुलगी, अजून रांगतेय. ताप, उलट्या, टाळू फुगलेली, आज झटका आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मेंदूच्या आवरणाला सूज आहे. पाठीतून पाणी काढलं तपासायला. सलाईनमधून अँटिबायोटिक लगेच सुरू — रिपोर्टची वाट बघायची नसते म्हणे.

५ जून
रिपोर्ट आला. पाण्यात जंतू उगवले नाहीत. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी आधी कुठलं अँटिबायोटिक दिलेलं?" ताई म्हणाली, "छे, काहीच नाही."

दिलेलं. मागे ढब्बूचा कान दुखला तेव्हाची अर्धी बाटली फ्रीजमध्ये होती, ताप आल्यापासून ताई तीच पाजत होती. मी तिच्याकडे बघितलं तर माझ्या पायावर पाय.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मग कदाचित जंतूंचं नसेल, उद्या इंजेक्शनं थांबवायचा विचार करू. भाऊजी खूश. "बघ, उगाच टोचत होते पोरीला."
आणि जंतू असतील तर?
ताईला बाहेर गाठलं. "सांग ना त्यांना." तर म्हणे, "गप्पू, गप्प बस. सगळे मलाच धरतील."

६ जून
घरी जाऊन बाटली आणली. डॉक्टरबाई आल्या. बाटली सरळ त्यांच्या हातात दिली. "हे पाजलं होतं." एवढंच.
त्या रागावल्या नाहीत. "तरीच! औषधाने जंतू अर्धमेले झाले, म्हणून उगवले नाहीत. आता कोर्स पूर्ण करायचा."
भाऊजी ताईकडे बघतच राहिले.

७ जून
ताई बोलत नाही. डबा घेते, तोंड फिरवते. असू दे.

१० जून
ताप गेला. ढब्बू हसली, माझं नाक ओढलं. भाऊजी सामान भरायला लागले. "पोरगी ठणठणीत आहे, चला." सिस्टर म्हणाल्या, "ताप गेलाय, जंतू गेलेत असं नाही."
भाऊजी ऐकेनात. तर ताईनेच पिशवी हिसकावली. "शेवटचं इंजेक्शन झाल्याशिवाय मी हलणार नाही. तुम्हाला जायचं तर जा." मग माझ्याकडे न बघता, "गप्पू, चहा आण. दोन. तुझाही."

१७ जून
शेवटचं इंजेक्शन झालं. जंतू गेले.
घरी सोडायच्या आधी कान तपासले. या आजारात कधीकधी जातात म्हणे. ढब्बूला डाव्या कानाने ऐकू येत नाही.
ताईने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि उजव्या कानाशी हाक मारली.